सागवान: पैसे देण्याआधी बूड पाहा

दिवाळीनंतर धान-सोयाबीनचा पैसा हाती आला की गावोगाव घरबांधणी निघते, आणि सागवानाची चौकशी सुरू होते. म्हणून मागच्या अंकात या लाकडावर प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांतली नऊ इथे घेतली आहेत. भाव किती, हे बऱ्याच जणांनी विचारलं आहे. तो लिलावागणिक आणि प्रतीगणिक बदलतो, म्हणून इथे आकडा देत नाही. प्रत कशी ओळखायची ते मात्र सविस्तर सांगतो.

प्रश्न: घराच्या चार चौकटी आणि दारं करायची आहेत. सुतार म्हणते, ‘सी.पी. सागवानच घ्या.’ टालवाला त्याच नावाने दोन वेगवेगळ्या भावांचं लाकूड दाखवते. खरं कोणतं, कसं ओळखावं? (एक वाचक, ब्रह्मपुरी)

‘सी.पी.’ म्हणजे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस, इंग्रजांच्या काळचा मध्य प्रांत. नागपूर, चांदा त्यातच होते. या जंगलांतल्या सागवानाला व्यापारात ते नाव पडलं, प्रांत गेला तरी नाव टिकलं. नावाची पत खरी आहे. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी मार्च २०२३ मध्ये बल्लारपूरहूनच सागवान गेलं. पण ‘सी.पी.’ हा काही सरकारी शिक्का नाही. टालवाला ते कुठल्याही ओंडक्याला लावू शकतो. म्हणून नाव बाजूला ठेवा आणि लाकडाचं कापलेलं तोंड, म्हणजे बूड, पाहा. चिरलेला माल असेल तर फळीचं टोक पाहा. टोकाला रंग फासला असेल तर ते तासून दाखवायला सांगा. विकणारा तासू देत नसेल, तर ते लाकूड घेऊ नका.

तोंडावर पहिल्यांदा पांढरा भाग मोजा. सालीच्या आतला फिकट पिवळट-पांढरा कडा आणि मधला तपकिरी गाभा स्पष्ट वेगळे दिसतात. सागवान टिकतं, वाळवीला पुरून उरतं, ही सगळी ख्याती गाभ्याची आहे. गाभ्यात झाडाने साठवलेली तेलकट द्रव्यं असतात, ती किडीला आणि बुरशीला मानवत नाहीत. पांढऱ्यात ती नसतात, उलट किडीला आवडणारा स्टार्च असतो. पांढरा सागवानाचा असला तरी आंब्याच्या फळीइतक्याच लवकर किडतो. चौकटीच्या जमिनीत जाणाऱ्या आणि भिंतीत गाडल्या जाणाऱ्या बाजूंना पांढरा बिलकूल नको. दाराच्या पल्ल्यात मागच्या बाजूला एखादी बोटभर कड आली तर चालवून घेता येतं.

मग रेषा मोजा. साग दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडाला मोठ्या छिद्रांची एक ओळ धरतो, म्हणून वर्षाची कडी नुसत्या डोळ्यांनी दिसते. जंगलात हळू वाढलेल्या झाडात एका इंचात साधारण आठ ते बारा कडी सापडतात, पाणी-खत देऊन वाढवलेल्यात दोन ते चार. इथे एक गैरसमज सर्रास आढळतो. दाट कडी म्हणजे मजबूत लाकूड, असं सरसकट नाही. ताकदीत लवकर वाढलेलं सागवान फारसं मागे पडत नाही. फरक पडतो तो वयाने. कोवळ्या झाडात गाभा कमी, पांढरा जास्त, आणि मधल्या भागाचं लाकूड वाळताना वाकडं होणारं. म्हणून रेषा मोजायच्या त्या वय कळण्यासाठी.

तिसरी खूण रंध्याखाली कळते. ताजं रंधलेलं सागवान हाताला किंचित तेलकट लागतं आणि जुन्या कातड्यासारखा वास येतो. रंग एकसारखा नसतो, हिरवट-पिवळे पट्टे दिसतात. तसं दिसलं की गिऱ्हाईक बिचकतं. बिचकू नका. दोन-तीन दिवस उजेडात ठेवा, सगळं सोनेरी तपकिरी होतं. उलट पहिल्या क्षणापासून एकसारखा चॉकलेटी रंग असेल तर पातं घेऊन खरवडा. आतून फिकट निघालं तर रंग लावलेला आहे.

वजनही सांगतं. वाळलेलं सागवान घनफुटाला साधारण १८ ते २० किलो भरतं. सात बाय साडेतीन फुटांची, पाच बाय तीन इंच मापाची, उंबरठ्यासकट चौकट धरा. एकूण लांबी २१ फूट, म्हणजे सुमारे २.१९ घनफूट. वाळलेली चौकट ४०-४५ किलोच्या आसपास हवी. काट्यावर ५५ भरली तर लाकूड ओलं आहे किंवा ते सागवानच नाही.

आता दोन भावांचं कारण. आफ्रिकेतल्या घाना, टांझानियासारख्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या इक्वेडोर, ब्राझीलसारख्या देशांतून लागवडीचं सागवान भारतात मोठ्या प्रमाणावर येतं. ते खरंच सागवान आहे, झाड तेच. फक्त बहुतेक कमी वयाचं, गाठी आणि पांढरा जास्त. चांगलं निवडून घेतलं तर घरातल्या दारांना उत्तम चालतं, पण ‘सी.पी.’च्या भावाने घेऊ नका. ‘बर्मा’ सांगून कोणी विकत असेल तर कागद मागाच. म्यानमारने १ एप्रिल २०१४ पासून गोल ओंडक्यांची निर्यात बंद केली आहे.

प्रश्न: आमच्याकडे अर्ध्या भावात तयार चौकटी घरपोच मिळतात. बिल नसते. माणूस ओळखीचा आहे. घेतल्याने काही अडचण येते का? (धारणी तालुक्यातून)

येते, आणि अडचण विकणाऱ्याला नव्हे, तुम्हाला येते. भारतीय वन अधिनियम, १९२७ च्या कलम ६९ प्रमाणे वनोपजाच्या मालकीवर वाद झाला तर ते सरकारचं आहे असं धरूनच सुरुवात होते. ते तुमचं आहे, हे तुम्ही सिद्ध करायचं असतं. ‘ओळखीच्याकडून घेतलं’ हा पुरावा होत नाही. लाकूड तर जातंच, ज्या बंडीत किंवा ट्रॅक्टरवर ते सापडतं ती गाडीही जप्त होऊ शकते. घराला बसवलेल्या चौकटी उखडून नेल्याची उदाहरणं जंगलकाठच्या गावांना नवीन नाहीत.

कोणते कागद मागावेत? गोल लाकूड असेल तर वाहतूक परवाना, ज्याला सगळे ‘टी.पी.’ म्हणतात. त्यावर नगांची संख्या, लांबी, गोलाई, घनमाप, कुठून कुठे, गाडीचा नंबर आणि मुदत असते. मुदत तारखेची आणि वेळेचीही बघा. जुन्या परवान्यावर दुसरी खेप आणणं ही नेहमीची चलाखी आहे. मग ओंडक्याचं बूड बघा. त्यावर वनविभागाचा किंवा मालकाचा हातोड्याचा ठसा आणि क्रमांक असतो. परवान्यावरचा ठसा तोच हवा, मापंही टेप लावून ताडून पाहावीत. चिरलेला माल आरा मशीनवरून घेत असाल तर मशीनला परवाना आहे ना, ते विचारा. पक्कं बिल घ्या आणि मूळ परवान्याचा क्रमांक बिलावर लिहून घ्या. हा क्रमांक लिहायला जो कां-कू करतो त्याच्याकडचा माल सोडून द्या. जुना वाडा पाडून निघालेलं सागवान घेणं चांगलंच, पण तिथेही मालकाचं लिहून दिलेलं विक्रीपत्र आणि ग्रामपंचायतीचा दाखला जवळ ठेवा. नेण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या.

कायद्यापलीकडचं नुकसान जंगलात दिसतं. चोरटी तोड करणारा सरळ, जाड, बी धरणारं झाड निवडतो. वाकल्याशिवाय करवत चालावी म्हणून कमरेच्या उंचीवर कापतो, मधला आठ-दहा फुटांचा तुकडा नेतो आणि बाकी झाड तिथेच टाकतो. उंच खुंटाला फुटलेले कोंब वाऱ्याने मोडतात, त्यातून नवं झाड होत नाही. मोकळ्या जागेत रायमुनिया (घाणेरी) माजतो, टाकलेला पालापाचोळा उन्हाळ्यात पेटतो. आणि ज्या शेतकऱ्याने बांधावर चाळीस वर्षं साग जपला, त्याच्या रीतसर लाकडाला या अर्ध्या भावामुळे गिऱ्हाईक मिळत नाही. हे आम्हाला फार लागतं, म्हणून इतकं स्पष्ट लिहिलं.

सरकारी डेपोतलं लाकूड वेगळ्या वाटेने येतं. १२ डिसेंबर १९९६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशापासून जंगलातली तोड मंजूर कार्य आयोजनेप्रमाणेच करता येते. कोणत्या कक्षात, कोणत्या वर्षी, कोणती झाडं काढायची आणि कोणती राखायची, हे आधी ठरलेलं असतं, झाडावर खूण करूनच तोड होते. परदेशी लागवडीच्या मालावर कधी ‘एफ.एस.सी.’ हा, जंगल राखून काढलेल्या लाकडाचा आंतरराष्ट्रीय शिक्का दिसतो. तो खरा असेल तर विकणाऱ्याच्या बिलावर त्याचा स्वतःचा साखळी क्रमांकही (जंगलापासून दुकानापर्यंतच्या साखळीतला त्याचा नंबर) असतो. नुसतं फळीवर चिकटवलेलं चित्र पुरत नाही.

प्रश्न: धुऱ्यावर वडिलांनी लावलेली सागाची बावीस झाडं आहेत. स्वतःची असूनही परवानगी लागते का? (ता. चिमूर)

लागते. महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग आहे. मोह, आंबा, चिंच, जांभूळ, ऐन, बिजा, हळदू, तिवस हीही त्यात आहेत. खासगी जमिनीवरचं झाड असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याची लेखी परवानगी आधी हवी.

सातबारा आधी नीट वाचा. भोगवटादार वर्ग १ आहे की २, आणि झाडांची नोंद आहे का? वर्ग २ ची जमीन असेल तर महसूल खात्याची वेगळी परवानगी लागू शकते. झाडं धुऱ्यावरच असल्याने शेजाऱ्याची हद्द आणि वनहद्द यांचा प्रश्न येतोच. भूमी अभिलेखाची मोजणी करून घेतली नसेल तर प्रकरण तिथे अडकतं. मग सातबारा, आठ-अ, गटाचा नकाशा लावून वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज. कर्मचारी येऊन प्रत्येक झाडाला क्रमांक टाकतात आणि छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून १.३७ मीटरवर, गोलाई नोंदवतात. त्या दिवशी हजर राहा आणि स्वतःच्या वहीत तीच यादी उतरवा. पुढे तोडीनंतर हातोडा मारणं, वाहतूक परवाना, सगळं या यादीवरच चालतं. हे सगळं व्हायला महिने लागतात, तेव्हा लग्नाच्या तारखेवर डोळा ठेवून अर्ज करू नका. ठेकेदार ‘कागद मी बघतो, तुम्ही सही करा’ म्हणाला तरी कोऱ्या अर्जावर सही नको. आणि बावीसच्या बावीस काढू नका, बाराएक जाडी झाडं काढा.

जमीनमालक अनुसूचित जमातीचे असतील तर १९६९ चा वेगळा कायदा लागू होतो. व्यापाऱ्याशी परस्पर सौदा करता येत नाही. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो, तोड आणि विक्री वनविभागामार्फत होते आणि खर्च वजा जाता रक्कम मालकाला मिळते. मातीमोल भावात झाडं लाटली जायची, म्हणूनच हा कायदा झाला. वेळ लागतो, तरी सोडू नका.

तोडताना करवत जमिनीलगत, वीतभर उंचीच्या आत चालवा आणि खुंटाचं तोंड थोडं उतरतं ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही. पावसाळ्याआधी कापलेल्या खुंटाला भरपूर कोंब येतात. वर्षभराने त्यातला जमिनीजवळून निघालेला, सरळ, एकच राखा. जुन्या मुळांवर तो रोपापेक्षा किती तरी लवकर वाढतो.

प्रश्न: डेपोत लाकूड मोजतात ते आणि आमच्या सुताराचं माप जुळत नाही. फसवणूक तर नाही ना? (ता. अचलपूर)

बहुधा नाही. दोन वेगळी मापं आहेत. गोल लाकूड पाव गोलाईच्या रीतीने मोजतात: मधल्या गोलाईचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी. समजा ओंडका ३.३ मीटर लांब आणि मध्ये १२० सेंमी गोल आहे. चौथा हिस्सा ३० सेंमी. ०.३ × ०.३ × ३.३ म्हणजे ०.२९७ घनमीटर, साधारण साडेदहा घनफूट. भूमितीने त्याच ओंडक्याचं खरं घनफळ ०.३७८ घनमीटर निघतं. म्हणजे या रीतीत सुमारे २१ टक्के कमी धरले जातात, चिराईत जाणाऱ्या पाठींची, म्हणजे सालीकडच्या गोलसर तुकड्यांची, ती सूट असते. तरीही आरा मशीनवरून हाती येणारं स्वच्छ चौरस लाकूड मोजलेल्या मापाच्या निम्म्याच्या आसपास धरावं. या ओंडक्यातून पाच-साडेपाच घनफूट. एक चौकट आणि दीड इंची एक भरीव दार, इतकंच.

लांबीचं गणित आधी करा. सात फुटी उभा आणि साडेतीन फुटी आडवा तुकडा मिळून साडेदहा फूट, टोकं छाटायला चार बोटं वेगळी. ३.३ मीटरच्या ओंडक्यात ते नेमकं बसतं. तीन मीटरचा स्वस्त लॉट घेतला तर उभा निघाल्यावर पावणेतीन फुटांचा तुकडा हाती राहतो आणि आडव्यासाठी दुसरा ओंडका फोडावा लागतो.

बल्लारशा, आलापल्ली, परतवाडा अशा डेपोंत लाकूड लॉटने जातं. एका घरापुरतं हवं असेल तर गावातले तीन-चार जण मिळून लॉट घेणं परवडतं. बोलीच्या आधी रचाई प्रत्यक्ष फिरून बघा. बुडाला पोकळी आहे का, खोडाला खोल खाचा आहेत का, रेषा दोरीसारख्या पिळलेल्या आहेत का? एका बाजूला काळी पडलेली, खपली धरलेली जखम दिसली तर ती वणव्याची. मोहफुलं वेचायला झाडाखालचा पाला पेटवतात, तो वणवा शेजारच्या सागाच्या बुंध्याला चाटून जातो आणि पुढे तिथूनच आत पोकळ धरते. अशा ओंडक्याचं माप पूर्ण धरलेलं असलं तरी लाकूड पूर्ण निघत नाही.

प्रश्न: सागवानी दार बसवून वर्ष झालं. पावसाळ्यात लागत नाही, उन्हाळ्यात फटीतून आंगण दिसते. लाकूड खोटं निघालं का? (ता. मूल)

लाकूड खरंही असू शकेल. दोष वाळवणीचा, नाही तर घडणीचा.

आपल्याकडे मे महिन्यात दुपारी हवा अगदी कोरडी असते, ऑगस्टमध्ये भिंती पाझरतात. लाकूड त्याप्रमाणे ओलावा सोडतं आणि घेतं. वाळलेल्या सागवानाचा ओलावाही घरात वर्षभरात सहा ते चौदा टक्क्यांच्या दरम्यान फिरतो असं धरा. सागवान कमी हलणारं लाकूड आहे, पण न हलणारं नाही. कडीला समांतर चिरलेल्या, म्हणजे तोंडावर महिरपी दिसणाऱ्या फळीत या फरकाने रुंदी सुमारे दीड टक्का बदलते. तीन फुटांचं, फळ्या एकमेकींना चिकटवून केलेलं एकजीव दार असेल तर हा बदल १३-१४ मिलीमीटर होतो. तुमच्या दाराला हेच झालं असावं. कडी उभ्या दिसतील अशा चिरलेल्या फळ्या वापरल्या तर बदल जवळपास निम्म्यावर येतो.

उपाय जुनाच आहे: चौकटी दार. चार-चार इंची दोन उभ्या पट्ट्या, आडव्या पट्ट्या आणि मध्ये खोबणीत बसणारा तक्ता. रुंदीत हलतात त्या फक्त दोन उभ्या पट्ट्या, मिळून आठ इंच, म्हणजे तीनेक मिलीमीटर. तक्ता खोबणीत मोकळा सोडायचा, दोन्ही बाजूंना तीन-तीन मिलीमीटर जागा ठेवायची, त्याला फेविकॉल लावायचा नाही आणि खिळा मारायचा नाही. तक्ता हलू नये म्हणून सुतार हमखास एक बारीक खिळा मारतो, आणि मग उन्हाळ्यात तिथूनच फाटतो. सांधे चिकटवताना जागा आधी थिनरच्या फडक्याने पुसा, सागवानाचं तेल डिंक धरू देत नाही.

वाळवण घरी करायची तर अशी. चिराई हिवाळ्यात करा. फळ्यांच्या दोन्ही टोकांना त्याच दिवशी जुना ऑइलपेंट किंवा मेण लावा, कारण ओलावा टोकाने सगळ्यात वेगाने जातो आणि तिथेच फाट पडते. जमिनीपासून दीड फूट उंच ओटा, वर छप्पर, बाजू मोकळ्या. प्रत्येक थरात दोन-दोन फुटांवर इंचभर जाडीच्या काड्या ठेवा आणि सगळ्या थरांतल्या काड्या एका उभ्या ओळीत येऊ द्या. काडी चार बोटं सरकली तर फळी तिथे कायमची वाकते. वर दगड ठेवून भार द्या. एप्रिल-मे मध्ये झळा लागणारी बाजू तट्ट्याने झाका. सागवान मुळात सावकाश वाळतं, उन्हात टाकून घाई केली की वरून कडक आणि आत ओलं राहतं. इंची फळीला तीन-चार महिने, तीन इंची चौकटीच्या लाकडाला वर्षभर तरी द्या.

वाळलं की नाही, हे अंदाजाने ठरवू नका. फळीच्या टोकापासून फूटभर आतून इंचभर रुंदीचा काप काढून किराणा दुकानातल्या बारीक काट्यावर तोला. मग वजन कमी व्हायचं थांबेपर्यंत तो मंद भट्टीत, करपू न देता, वाळवा आणि परत तोला. आधी २४० ग्रॅम होता आणि शेवटी २०५ वर थांबला, तर ३५ भागिले २०५, म्हणजे १७ टक्के ओलावा. दारासाठी १० ते १२ हवा.

बसवलेल्या दाराला आता पावसाळ्यात रंधू नका, उन्हाळ्यात फट दुप्पट होईल. फेब्रुवारीत उतरवा, लागणारी कड दोन मिलीमीटर घ्या आणि वरची-खालची उघडी टोकं तेलाने बंद करा. बहुतेक दारांची ही टोकं कोणी रंगवतच नाही, पाणी तिथूनच शिरतं.

प्रश्न: अंधाऱ्या पाखात तोडलेलं लाकूड किडत नाही म्हणतात. खरं आहे का? (ता. आर्णी)

किडणं न किडणं चंद्रावर नाही, पांढऱ्यातल्या स्टार्चवर आणि वाळण्यावर आहे. हिवाळ्यात तोडून लगेच साल काढली, सावलीत रचलं तर कोणत्याही पाखातलं लाकूड टिकेल. ओलं, सालीसकट पावसाळाभर पडलं तर अमावस्येचंही किडेल. पांढरा ठेवावाच लागत असेल तर २० लिटर पाण्यात ६०० ग्रॅम बोरॅक्स आणि ४०० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवून, त्यात ताजी चिरलेली फळी बुडवून काढा आणि दोन दिवस प्लास्टिकखाली झाकून ठेवा. हातमोजे घाला. हे औषध पावसात धुऊन जातं, म्हणून फक्त घरातल्या लाकडाला.

प्रश्न: सगळं सागवानीच करायला परवडत नाही. दुसरं काय चालेल? (ता. कुरखेडा)

सगळं सागवानी करूच नये, असं आमचं मत आहे. बाहेरची चौकट, उंबरठा, पावसाची झड लागणारी खिडकी इथे सागवान वापरा. आतल्या दारांच्या तक्त्यांना शिवण उत्तम: हलकी, कमी वाकणारी, कामाला मऊ. मयाल आणि खांबांना ऐन चालतो, पण वाळताना फाटतो, म्हणून जाड मापातच घ्या. बिजा टिकाऊ आहे, फक्त ओला झाला की पिवळा डाग सोडतो, पांढऱ्या भिंतीला लागू देऊ नका. बंडी, वखर, तिफण यांना बाभूळ किंवा तिवस. सागवान धक्क्याला इतकं चिवट नाही, तिथे ते वाया जातं. कपाटाच्या आतल्या फळ्यांना कडूनिंब. ऐन, बिजा, तिवस हीही अनुसूचीतली झाडं आहेत, कागद त्यांनाही तितकेच लागतात.

प्रश्न: बारा वर्षांपूर्वी एकरभर टिश्यू कल्चर साग लावला, सहा बाय सहावर. तेव्हा पंधरा वर्षांत लाखो सांगितले होते. व्यापारी आता ‘फाटेच आहेत’ म्हणते. (ता. सेलू, जि. वर्धा)

व्यापारी खरं बोलतो आहे, सध्या ते फाटे, म्हणजे बारीक बल्ल्याच आहेत. टिश्यू कल्चरने रोप एकसारखं येतं, सागाचं वय त्याने वाढत नाही. गाभा धरायलाच सहा-सात वर्षं जातात, आणि सहा बाय सहावर न विरळता ठेवलेली बाग पाच-सहा वर्षांतच एकमेकांची हवा-उजेड अडवू लागते. मग खोड जाड होत नाही, नुसतं उंच जातं. बारा वर्षांचं झाड कापलं तर आत वाटीएवढा गाभा आणि भोवती पांढराच.

बाग मोडू नका. रीतसर परवानगी घेऊन निम्मी झाडं काढा: वाकडी, दुफाटी, दबलेली आधी. ओळीने सरसकट एकाआड एक नको, शेजारचं सरळ झाड मोकळं होईल असं बघून काढा. निघतील ते मंडपाला, गोठ्याला फाटे म्हणून विका. अजून सात-आठ वर्षांनी पुन्हा एकदा विरळणी. शेवटी एकरी शंभर-सव्वाशे झाडं राहिली तरी भरपूर. भारी काळ्या जमिनीत पाणी तुंबत असेल तर आधी चर काढा, सागाला पाय ओले चालत नाहीत. सप्टेंबर-ऑक्टोबरात पानांची जाळी होऊन सगळी बाग भाजल्यासारखी दिसते, ती अळीची. झाड मरत नाही, फवारणीवर खर्च नको.

पूर्ण वाढलेला साग कसा असतो ते पाहायचं असेल तर आलापल्लीचं ‘वनवैभव’ पाहून या. सहा हेक्टरचा तो तुकडा २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झाला. तिथल्या बुंध्याला मिठी घालून पाहिली की पंधरा वर्षांचं गणित का चुकलं ते लगेच कळतं.

प्रश्न: सागवानी दाराला पॉलिश करावं की तेल? (ता. काटोल)

आत पॉलिश, बाहेर तेल. बाहेरचं पॉलिश दोन उन्हाळ्यांत पापुद्रे धरतं आणि सगळं खरवडावं लागतं. तेलाला खरवडावं लागत नाही, वरून पुन्हा हात फिरवला की झालं. जवसाचं तेल आपल्या भागातलंच, पण घाण्याचं कच्चं तेल आठवडाभर चिकट राहतं आणि त्यावर धूळ बसते. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं उकळलेलं जवस तेल घ्या. पहिल्या हाताला निम्मं टर्पेंटाइन मिसळा, अर्ध्या तासाने न मुरलेलं पुसून काढा, दोन दिवसांनी नुसत्या तेलाचा दुसरा हात. एका दाराला दोन्ही बाजूंनी अर्धा लिटर पुरतं. दरवर्षी दिवाळीआधी एक हात.

तेलाने भिजलेली फडकी मात्र गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवस तेल वाळताना तापतं आणि गुंडाळलेलं फडकं काडी न लावता पेट घेतं. ती उघड्यावर दोरीवर पसरून वाळवा, नाही तर पाण्याच्या बादलीत बुडवून मग फेका.